बीपीच्या गोळीत सापाचं विष असतं का? गोळी बंद केलेल्या आजोबांसाठी आणि प्रश्न विचारणाऱ्या नातवासाठी

तुझा प्रश्न काल रात्री ओपीडी संपल्यावर वाचला आणि आज सकाळी परत वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू मोहोळ तालुक्यातला, बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गात सरांनी शिकवलं की 'प्रिल' नावाच्या बीपीच्या गोळ्या सापाच्या विषावरून आल्या, तू घरी जाऊन कौतुकाने सांगितलंस, आणि पाच वर्षं एनालाप्रिल घेणाऱ्या माळकरी आजोबांनी त्याच दिवशी गोळी बंद केली. "नागपंचमीला ज्याला लाह्या वाहतो त्याचं विष रोज गिळत होतो व्हय मी" म्हणाले. त्याला आता १८ दिवस झाले. त्यात गावातला एकजण उलटंच सांगतोय की गोळीपेक्षा डायरेक्ट विषाचे थेंब घ्या, गुडघे पण जातील आणि बीपी पण. आणि तुझा स्वतःचा प्रश्न असा की विषात एवढं असेल तर आपल्या रानात घोणस-फुरशांची काय कमी, आपण का नाही औषधं काढत.

मी सोलापुरात फिजिशियन आहे, २६ वर्षं झाली, साप चावलेले पेशंट आणि बीपी-हार्टचे पेशंट दोन्ही रोजचेच. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते.

आधी तातडीचं. आजोबांचं बीपी आजच मोजून घे, आरोग्य केंद्रात मोजतात किंवा आशाताईंना विचार. नंतर त्यांच्या डॉक्टरांना फोन करून '१८ दिवस गोळी बंद होती' हे न लपवता सांग. ते म्हणतील त्याच डोसने सुरू करा, किंवा म्हणतील आधी रक्तातलं क्रिएटिनिन-पोटॅशियम बघू, हे त्यांची किडनी कशी आहे, शुगर आहे का, सोबत लघवीची गोळी चालू आहे का यावर ठरतं आणि मी माणूस न बघता डोस सांगणार नाही. पण छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं, एका हातापायातली ताकद कमी वाटणं यातलं काहीही दिसलं तर फोनाफोनीत वेळ घालवू नकोस, सरळ दवाखान्यात ने. लोकांना वाटतं बीपी वाढलं की कळतं. नाही कळत रे, बहुतेकांना काहीच होत नाही आणि मग एक दिवस पक्षाघाताने माणूस आडवा होतो, असे मी इतके बघितलेत की १८ दिवस वाचूनच पोटात गोळा आला.

आता मूळ प्रश्न. त्या गोळीत विष आहे का? नाही. एक थेंब नाही, एक कण नाही. ती फॅक्टरीत रसायनं एकमेकांत मिसळून बनते आणि तिच्यासाठी एकाही सापाला कोणी हात लावत नाही. मग सर खोटं बोलले का? तेही नाही, ते बरोबरच बोलले. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी हे आजोबांना समजेल असं सांगता आलं पाहिजे, म्हणून जरा लांबण लावते.

आमचं घर पूर्व भागातलं, वडिलांचे दोन माग होते. लहानपणी मी मागाशेजारी बसून वर फिरणारी जॅकार्डची कार्डं बघायचे, पुठ्ठ्याची, भोकं पाडलेली, एकामागून एक सरकतात आणि खाली चादरीवर मोर उठतो. मोर त्या भोकांत असतो, सुतात नसतो. सूत लाल घाल, हिरवं घाल, मोर तोच येतो. विषापासून औषध म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. विषातलं सूत घेतलेलं नसतं, नक्षी बघून घेतलेली असते आणि कापड आपल्या मागावर आपल्या सुताने विणलेलं असतं.

साप होता ब्राझीलचा, जराराका नावाचा, आपल्या घोणसाचा लांबचा नातेवाईक म्हण. १९४९ साली रोशा ई सिल्व्हा, बेराल्दो आणि रोझेनफेल्ड या तिघांनी दाखवलं की त्याचं विष रक्तात मिसळलं की ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो, जो रक्तवाहिन्या सैल करतो आणि बीपी खाली आणतो. ब्रॅडिकायनिन आपल्याच शरीरातलं, पण ते जन्मतं आणि लगेच मोडलं जातं. मग सर्जिओ फेरेरा नावाच्या तिथल्याच शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये शोधलं की त्याच विषात असंही काहीतरी आहे जे ब्रॅडिकायनिनला मोडू देत नाही. तो ते घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या लॅबमध्ये गेला आणि पुढच्या काही वर्षांत कळलं की ब्रॅडिकायनिन मोडणारं एन्झाइम आणि अँजिओटेन्सिन-२ बनवून रक्तवाहिन्या आवळणारं एन्झाइम हे एकच, तुम्हाला फार्माकॉलॉजीत शिकवतात ते एसीई. म्हणजे त्या एकाला थांबवलं की दोन्हीकडून फायदा, आवळणारं कमी होतं आणि सैल करणारं टिकून राहतं.

विषातून जे पेप्टाइड निघालं त्यातलं एक टेप्रोटाइड, नऊ अमिनो ॲसिडची साखळी, आजोबांना सांगायचं तर नऊ मण्यांची माळ. बीपी खरंच उतरवायचं, पण इंजेक्शननेच द्यावं लागायचं, कारण तोंडातून घेतलं की पोट त्याचे मणी सुटे करून पचवून टाकतं, आपण डाळ पचवतो तसं. बीपीसाठी जन्मभर कोण सुया टोचून घेणार. इथे अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीतले कशमन आणि ओंडेटी यांनी खरी डोक्याची कमाल केली. त्यांनी बघितलं की सापाच्या या माळांचा शेवटचा मणी प्रोलीन असतो, आणि एन्झाइमच्या पोटात जस्ताचा एक अणू बसलेला आहे. मग त्यांनी अख्खी माळ सोडून दिली, प्रोलीनसारखं एक टोक घेतलं आणि दुसऱ्या टोकाला गंधकाचा एक हुक लावला जो जस्ताला जाऊन अडकेल. झालं कॅप्टोप्रिल. १९७५ मध्ये बनलं, १९८१ मध्ये मंजुरी मिळाली. गंधकामुळे तोंडाची चव जायची, काहींना पुरळ यायचं, म्हणून पुढे गंधक काढून वेगळी जोडणी केली, ते एनालाप्रिल, आजोबांची गोळी. म्हणजे बघ, सापाच्या विषातून पेप्टाइड, पेप्टाइडवरून कॅप्टोप्रिल, कॅप्टोप्रिलवरून एनालाप्रिल. तिसऱ्या पिढीत सापाचं काहीच उरलेलं नाही, फक्त ती नक्षी.

आणि तो सापही नाग नव्हे हं, हे आजोबांना आवर्जून सांग. जराराका आपल्या देशात नाहीच.

अजून एक, माळकरी आहेत म्हणून सांगते. गोळी असेल तर ठीक, पण कॅप्सूल असेल तर तिचं वरचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराचं असतं. त्यांच्या व्रताला कशाने बाधा येत असेल तर ती याने येईल. डॉक्टरांना सांगितलं की गोळीच्या रूपात द्या तर देतात, त्यात काही लाजायचं नाही. उलट पेशंटने मनातलं सांगितलं नाही आणि गुपचूप औषध सोडलं की आमचं सगळं चुकतं.

सापाची खूण शरीरात कुठे दिसते तेही सांगते, कारण तू फार्मसीत उभा राहशील तेव्हा कामाला येईल. 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो, कफ नाही, ताप नाही, रात्री पडल्यावर घशात खवखव. लोक सिरप पीत बसतात, हळद-दूध घेतात, एक्स-रे काढतात. त्यामागे तेच ब्रॅडिकायनिन असल्याचं मानलं जातं, मोडलं गेलं नाही म्हणून साचलेलं. गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो, 'सार्टन' गटातली देतात. क्वचित एखाद्याचे ओठ, जीभ, चेहरा सुजतो, ते मात्र धोक्याचं, गोळी बंद करून लगेच दवाखाना. मेडिकलमध्ये कोणी खोकल्याचं सिरप मागायला आलं की आधी विचारायचं, बीपीची कुठली गोळी चालू आहे.

आता आपल्या रानाकडे येते. काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली रात्र, आयसीयूत दोन कॉट शेजारी शेजारी. एकीवर सांगोल्याकडचा पस्तिशीतला माणूस, बांधावरचा दगड उचलताना फुरसं चावलेलं, बोट वांग्याएवढं सुजलेलं, हिरड्यांतून रक्त. अशा वेळी आम्ही एक साधी टेस्ट करतो, दोन मिली ताजं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग ट्यूब आडवी करायची. धडधाकट माणसाचं रक्त खरवसासारखं घट्ट बसतं. याचं सरबतासारखं वाहिलं, भिंतीला एक गुठळी चिकटली नाही. दहा व्हायल अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, गेलं, सहा तासांनी परत ट्यूब लावली तरी पातळच, परत डोस, आणि पहाटे कधीतरी ट्यूब आडवी केली तर रक्त जागेवर बसलेलं. सिस्टरने ती ट्यूब त्याच्या बायकोला दाखवली तेव्हा ती तिथेच खाली बसून रडायला लागली. (ट्यूब काचेचीच लागते, ध्यानात ठेव. मी नवीन असताना एका छोट्या दवाखान्यात काच नव्हती म्हणून प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये टेस्ट केली, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही, आणि विष नसलेल्या पोराला विष चढलंय समजून आम्ही सगळ्यांचा जीव टांगणीला लावला.)

शेजारच्या कॉटवर बाजारपेठेतला एक व्यापारी, हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी झालेली, आत मोठी गुठळी निघाली म्हणून गुठळी होऊ न देणाऱ्या टायरोफिबानचं इन्फ्युजन चालू. टायरोफिबान कुठून आलं माहितीये? फुरशाच्या विषातल्या एकिस्टॅटिन नावाच्या पेप्टाइडच्या अभ्यासातून. ४९ अमिनो ॲसिडची साखळी, त्यातल्या तीन मण्यांची एक विशिष्ट जागा प्लेटलेटच्या, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या कणांच्या, हाताला जाऊन चिकटते आणि प्लेटलेट एकमेकींचे हात धरू शकत नाहीत, गुठळी बनत नाही. शास्त्रज्ञांनी त्या तीन मण्यांची ठेवण बघितली आणि तशीच ठेवण असलेला एक छोटा रेणू लॅबमध्ये बनवला. १९९८ मध्ये मंजुरी. त्याच वर्षी एप्टिफिबाटाइड आलं, ते अमेरिकेतल्या एका छोट्या खुळखुळ्या सापावरून. तर त्या रात्री एका कॉटवर मी फुरशाचं काम उलटवत होते आणि दुसऱ्या कॉटवर फुरशाकडून शिकलेलं काम करून घेत होते, आणि दोघांच्या मध्ये चार फुटांचं अंतर. तेव्हापासून मला हा विषय सोडवत नाही.

यातच त्या 'डायरेक्ट थेंब'वाल्याचं उत्तर आहे. विष ही एक वस्तू नसते, ती टोळी असते. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन आहे, तसंच गोठण्याची प्रक्रिया सुसाट सुरू करून रक्तातला सगळा फायब्रिनोजेन, म्हणजे गोठायला लागणारं प्रथिन, संपवणारं एन्झाइम पण आहे, रक्तवाहिन्यांची भिंत फाडणारे आहेत, मांस सडवणारे आहेत. सांगोल्याच्या माणसाचं रक्त पातळ का झालं, तर आधी आतल्या आत गोठून गोठून गोठायचा माल संपला म्हणून. आता अख्खं विष थोडंसं दिलं तर टोळीतला भला तेवढा काम करेल आणि बाकीचे गप्प बसतील असं होत नाही. थेंब तोंडातून घेतले तर बरंचसं पोट पचवेल, म्हणजे फायदा शून्य, आणि तोंडात किंवा जठरात जखम असेल तर थेट रक्तात, म्हणजे जोखीम पूर्ण. शिवाय बाटलीत खरंच काय आहे हे कोणी तपासलेलं नाही, अशा गुडघ्याच्या 'जादू'च्या औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे माझ्याकडे चेहरा सुजून आणि शुगर वाढून आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी मला शिकवलंय. काट्याने काटा काढावा हे खरं, पण त्यासाठी आधी एक काटा हातात वेगळा धरता आला पाहिजे, अख्खी बाभळ पायावर आपटून भागत नाही. ते थेंब आजोबांना देऊ नका.

विषच का, असं तू विचारलंयस, वनस्पती आहेत, बुरशी आहे. माझी समजूत सांगते. वनस्पतीतला एखादा पदार्थ आपल्याला लागू पडतो तो योगायोगाने. विष मात्र दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर काम करण्यासाठीच घडलेलं असतं, कोट्यवधी वर्षं, आणि भक्ष्य पळून जायच्या आत काम व्हायला हवं म्हणून ते नेमकं मर्मावर बसतं, गोठणं, बीपी, नस आणि स्नायूचा सांधा, वेदना. आणि याच जागा तर आम्हाला औषधासाठी हव्या असतात. मण्यारीच्या जातकुळीतल्या एका सापाच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन तैवानमध्ये १९६३ साली वेगळं केलं गेलं, ते औषध कधीच झालं नाही, पण ते स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीन रिसेप्टरला, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या जागेला, इतकं घट्ट चिकटतं की त्याच्या मदतीने तो रिसेप्टर वेगळा काढता आला आणि मायस्थेनिया नावाच्या स्नायू कमजोर करणाऱ्या आजारात नेमकं काय बिघडतं ते कळलं. हेसुद्धा विषाने दिलेलंच म्हणायचं, गोळी नाही मिळाली तरी.

आपल्या घोणसाचंही तसंच. १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणसाचं विष रक्त थांबवायला वापरून बघितलं होतं, पातळ करून जखमेवर लावायचे. आज ते लॅबमध्ये आहे. ज्या बाईचे वारंवार गर्भपात होतात तिला आम्ही लुपस अँटिकोॲग्युलंटची, म्हणजे रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीची, टेस्ट लिहून देतो, त्यात घोणसाचं पातळ केलेलं विष वापरून रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. माझी एक पेशंट, बार्शीकडची, तीन वेळा पोट पडलेलं, सासरी बोलणी खाऊन खाऊन खचलेली, तिचं निदान या टेस्टने झालं आणि चौथ्या वेळी रक्त पातळ ठेवायच्या इंजेक्शनवर तिला मुलगी झाली. घोणस म्हटलं की आमच्या लोकांच्या अंगावर काटा येतो, मला ती मुलगी पण आठवते.

मधुमेहाचं तर आता सगळ्यांच्या तोंडी झालंय. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाची विषारी घोरपडीसारखी पाल आहे, तिच्या लाळेत १९९२ मध्ये जॉन इंग यांना एक्सेन्डिन-४ सापडलं. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं हार्मोन दोनेक मिनिटांत मोडून जातं, हे तेच काम करतं पण तासन्‌तास टिकतं. २००५ मध्ये एक्सेनाटाइड म्हणून बाजारात आलं. इथे एक गैरसमज काढून टाकते, हल्लीची वजन उतरवायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं त्या पालीपासून बनवलेली नाहीत, ती माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये थोडे बदल करून केलेली आहेत. पण टिकाऊ जीएलपी-१ औषध म्हणून चालतं हे आधी पालीने दाखवलं हे मात्र खरं.

आता तुझा तिसरा प्रश्न, आपण का नाही. यात माझं मत थोडं कडक आहे. पहिली गोष्ट, साप पकडून विष काढायचा विचार डोक्यातून पूर्ण काढ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय साप पकडणं, ठेवणं, विष काढणं हा गुन्हा आहे, आणि मोबाइलवर फिरतं ना की एका लिटरला इतके कोटी, त्या नादाने पोरं एकतर फसतात नाहीतर तुरुंगात जातात नाहीतर माझ्या आयसीयूत येतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यासाचा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, त्यात भर नको. कायद्यात बसून हे काम करणारे आहेत, तमिळनाडूत इरुला आदिवासींची सहकारी संस्था, १९७८ पासून, रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवतात, ठरलेल्या वेळा विष काढतात आणि परत रानात सोडतात. आपल्याकडच्या अँटी स्नेक व्हेनमसाठी नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांचं विष प्रामुख्याने तिथून येतं, ते घोड्यांना अगदी थोडं थोडं टोचतात आणि घोड्याच्या रक्तातून अँटीबॉडी काढतात. खरं तर विषापासून थेट बनणारं आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त जीव वाचवणारं औषध हेच आहे.

दुसरी गोष्ट, संशोधनाला विष बादलीभर लागतच नाही. आता विषग्रंथीतले जीन वाचतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर कणभर विषातली शेकडो पेप्टाइड ओळखतात आणि हवं ते मशीनवर जोडून घेतात. आपल्या नागाचा अख्खा जिनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतीय शास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या आयआयएससीत विषांवरच काम करणारी लॅब आहे. महाराष्ट्रातल्या लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन निघालं, जे जगभरच्या लॅबमध्ये पेशीच्या भिंतीतल्या पोटॅशियम चॅनेलचा अभ्यास करायला वापरतात, आणि त्याच विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही बीपीचीच गोळी वापरून किती जीव वाचवले ते तुला माहीत असेलच, नसेल तर आधी ते वाच. तालुक्याच्या गावी बसून, पेशंटच्या उशाशी रात्रभर जागून, विष शरीरात नक्की काय करतंय हे बघत बसल्यामुळे ते त्यांना सुचलं.

आणि ओलिवेरांची गोष्ट तुझ्यासाठी. बाल्डोमेरो ओलिवेरा अमेरिकेत शिकून फिलिपिन्सला परत गेले, डीएनएवर काम करायला लॅबमध्ये साधनं नव्हती, म्हणून तिथल्या समुद्रात मुबलक असलेल्या विषारी शंखांवर, कोन स्नेलवर काम सुरू केलं. पुढे युटा विद्यापीठात त्यांच्याकडे मायकल मॅकिंटॉश नावाचा पोरगा आला, १८ वर्षांचा, नुकतीच शाळा संपवलेला. त्याने त्या शंखाच्या विषातून २५ अमिनो ॲसिडचं एक पेप्टाइड वेगळं केलं, ज्याने उंदीर थरथरायचे. तेच २००४ च्या डिसेंबरात झिकोनोटाइड म्हणून मंजूर झालं, मॉर्फिनलाही दाद न देणाऱ्या वेदनेसाठी, आणि याची सवय लागत नाही. हे मात्र विषातलं पेप्टाइड जसंच्या तसं, फक्त लॅबमध्ये जोडलेलं, म्हणून मी वर 'बहुतेक वेळा' म्हटलं होतं. पण ते पंपाने थेट मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं आणि भ्रम होणं, मन बिघडणं असले त्रास होऊ शकतात, त्यामुळे अगदी मोजक्या लोकांनाच देतात.

हे सगळं वाचून हुरळून जाऊ नकोस म्हणून पडलेल्यांचंही सांगते. मलायातल्या एका सापाच्या विषातलं ॲनक्रॉड पक्षाघातावर चालेल म्हणून वर्षानुवर्षं ट्रायल झाल्या, शेवटी फायदा दिसला नाही, सोडून दिलं. विंचवाच्या क्लोरोटॉक्सिनला चमकणारा रंग लावून मेंदूचा ट्यूमर ऑपरेशनच्या वेळी उजळून दाखवायचा, हे काम फार सुंदर आहे, पण ते ट्यूमर दाखवण्यासाठी आहे, बरा करण्यासाठी नाही. मधमाशीचं मेलिटिन लॅबमधल्या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी मारतं, पण डिशमध्ये चांगल्या पेशीही मारतं. 'विंचवाच्या विषाने कॅन्सर बरा' असा मेसेज आला की आधी विचारायचं, डिशमध्ये, उंदरात की माणसात? मी माझ्या पेशंटच्या नातेवाइकांना हा एक प्रश्न पाठच करायला लावलाय. डिशपासून माणसापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात आणि बहुतेक गोष्टी वाटेतच गळतात.

तुझ्यापुरतं म्हणशील तर बी.फार्म पूर्ण कर, मेडिसिनल केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री जीव लावून शिक, पेप्टाइड कसं जोडतात, कसं मोडतं ते समजून घे आणि पुढे एम.फार्मला फार्माकॉलॉजी घ्यायचं की पेप्टाइड केमिस्ट्री, हे तुला प्राणी-पेशींवर काम आवडतं की रेणू घडवायला आवडतो यावर ठरव. घरची परिस्थिती लगेच कमवायची असेल तर हा रस्ता लांबचा आहे, हे लपवत नाही. तोवर गावात एक काम आजपासून कर, साप चावला की मांत्रिकाकडे नाही, ब्लेड नाही, घट्ट आवळपट्टी नाही, हातपाय न हलवता सरळ अँटी स्नेक व्हेनम असलेल्या सरकारी दवाखान्यात, हे घरोघरी सांग.

आणि आजोबांशी बोलताना वाद घालू नकोस. त्यांची श्रद्धा चुकीची नाहीये, त्यांना मिळालेली माहिती अर्धी होती, आणि ती तुझ्याकडून गेली तर पुरी पण तुझ्याकडूनच जाऊ दे. माझ्याकडे अक्कलकोटचे एक बाबा असेच अडून बसले होते. मी त्यांच्या खांद्यावरची चादर दाखवून विचारलं, बाबा हा मोर खरा आहे का. नाही म्हणाले. म्हटलं मग कोणी तरी मोर बघितला असेल की आधी. ते चादरीवरून हात फिरवत बसले थोडा वेळ, मग म्हणाले, "बघितला आसंल, पन मारला नाय." आणि पाणी मागितलं गोळी घ्यायला.

घरात सोलापुरी चादर असेलच. आधी बीपी मोज, डॉक्टरांशी बोल, मग संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर निवांत बस त्यांच्याशी. वरचा आणि खालचा आकडा किती आला ते उद्या कळव, रात्री नऊनंतर मी बघते.